कुणालाच न ओळखता येणारा आवाज: नवशिक्यांसाठी पाठावली

प्रयोगशील आवाज म्हणजे काय, याची व्याख्या आधीच करून टाकू, म्हणजे पुढे वाद नको. तुम्ही सिंथेसायझरची एक पट्टी दाबायची. आतल्या खोलीतून कुणीतरी विचारेल, "काय गं वाजतंय?" त्यावर दुसऱ्या कुणी ताबडतोब "मिक्सरचं भांडं नीट बसलं नसेल" म्हटलं, तर आवाज नापास. "बोअरिंगची गाडी आली वाटतं" म्हटलं, तरी नापास. सगळे दोन क्षण गप्प होऊन एकमेकांकडे बघायला लागले आणि कुणालाच नाव सुचलं नाही, तर पास. परीक्षक म्हणून घरातली सर्वांत वयस्कर व्यक्ती नेमावी. तरुण मंडळी भिडेखातर "भारी आहे" म्हणतात. आजीला भीड नसते.

परीक्षा वाटते तेवढी सोपी नाही. अंधारात भांडं पडलं तर ते स्टीलचं की पितळेचं, रिकामं की अर्धं भरलेलं, आणि बहुधा कुणी पाडलं, हे आपण डोळे न उघडता सांगतो. कानाचा धंदाच तो. आवाज आला की त्यामागची वस्तू शोधायची, आणि नाही सापडली तर जवळपासची एखादी चिकटवून मोकळं व्हायचं. १९५४ च्या 'नागिन'मधल्या पुंगीवर सगळा देश डोलला. ती पुंगी नव्हती. हेमंतकुमारांच्या त्या संगीतासाठी कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाचं विजेवर चालणारं छोटंसं वाद्य वाजवलं होतं आणि जोडीला रवींची हार्मोनियम होती. पडद्यावर नागीण आणि कानावर सुमारे पुंगीसारखं काहीतरी, एवढ्यावर प्रेक्षकांचं भागलं. कानाची ही उतावीळ ओळखपाळख हाच या पाठावलीचा शत्रू.

यंत्र

बाजारात नॉबांनी भरलेले सिंथ पुष्कळ आहेत. नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. नॉब फिरवला की काहीतरी होतंच, आणि जे झालं ते आपणच केलं असं वाटायला लागतं. आपल्याला असं यंत्र हवं ज्यावर चुकूनही काही होत नाही. ते यामाहाने १९८३ साली काढलं. त्याचं नाव डीएक्स ७.

६१ पट्ट्या, वजन १४ किलोच्या आसपास, म्हणजे घरी आणताना दुसरा माणूस लागतो. पुढे तोच परीक्षक होऊ शकतो, म्हणून त्याला चहा विचारावा. नॉब एकही नाही. सपाट, दाबल्याचं समाधान न देणारी बटणं, आकडे वरखाली करायला एकच सरकपट्टी आणि दोन ओळींचा पडदा. आत शंभराहून जास्त आकडे, आणि एका वेळी दिसतो त्यातला एक. हे यंत्र लाखाच्या वर खपलं आणि विकत घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी त्यात स्वतःचा आवाज बनवला. बाकीच्यांनी कारखान्यातून भरून आलेले ३२ आवाज वाजवले. ऐंशीच्या दशकातल्या इंग्रजी प्रेमगीतांत जो चकचकीत इलेक्ट्रिक पियानो सारखा भेटतो, तो या यादीतला अकरावा. संगीतकार ब्रायन इनोंसारखे काही मोजके लोक मात्र चिकाटीने या पडद्यासमोर बसले. तुम्ही त्यांच्या रांगेत उभे राहायला निघाला आहात, तेव्हा चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

जुनं यंत्र मिळालं नाही, तर कॉर्गचं २०१६ चं व्होल्का एफएम चालेल. तेच सहा ऑपरेटर, तेच ३२ अल्गोरिदम (म्हणजे काय ते पुढे येईलच), मात्र एका वेळी तीनच स्वर. ते पिशवीत मावतं. दोष म्हणायचा तर त्याला नॉब आहेत.

एक सूचना आत्ताच दिलेली बरी. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाल्याचा भाव ठरतो तो त्याची सनई किती खरी वाटते यावर. एक माणूस, एक स्टँड, आणि त्यात बासरी, सतार, व्हायोलिनचा ताफा, असा तो हिशेब असतो. मानधन पाचांऐवजी एकाला द्यावं लागतं. "माझा आवाज कशासारखाच वाटत नाही" असं सांगून लग्नसराईत सुपारी मिळत नाही. ज्यांना उत्पन्नाची अपेक्षा आहे त्यांनी पाठावली इथे मिटावी आणि सनईकडे वळावं. त्यात काही कमीपणा नाही.

थोडं शास्त्र, टाळता येत नाही म्हणून

१९६७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग नावाचे संगीतकार कॉम्प्युटरवर एका साध्या स्वराला कंप देत होते. गवय्ये देतात तसाच, स्वर किंचित वर, किंचित खाली. त्यांनी कंपाचा वेग वाढवला, आवाका वाढवला. सेकंदाला साधारण वीस हेलकाव्यांच्या पुढे गेल्यावर कानाला कंप ऐकू येईना. त्याऐवजी स्वराचा रंगच बदलला. दोन साध्या लहरी, आणि त्यातून अख्ख्या वाद्याचा भास. अमेरिकेतल्या ऑर्गन कंपन्यांना यातलं काही पटलं नाही. यामाहाच्या अभियंत्याला पटलं, आणि परवाना जपानला गेला.

डीएक्स ७ च्या पोटात हेच आहे, सहा वेळा. प्रत्येक ऑपरेटर म्हणजे एक साधी साइन लहर. एक गातो, दुसरा त्याचे खांदे धरून हलवतो. गाणाऱ्याला कॅरियर म्हणतात, हलवणाऱ्याला मॉड्युलेटर. कुणी कुणाला हलवायचं याच्या ३२ मांडण्या ठरलेल्या आहेत, त्यांना अल्गोरिदम म्हणायचं. मांडण्यांची चित्रं यंत्राच्या वरच्या पट्टीवरच छापली आहेत. नवशिके ती आदराने बघतात आणि अकरावा पियानो लावतात.

पहिला धडा

यंत्राला सगळं विसरायला सांगा. 'व्हॉइस इनिट' हा पर्याय शोधा. यंत्र विचारतं, नक्की ना? हो म्हणा. मग सहापैकी पाच ऑपरेटर मुके होतात आणि पहिला एकटा उरतो. पट्टी दाबा. सपाट, गुळगुळीत, ना गोड ना कडू असा स्वर येईल. आजोबा आतून म्हणतील, "दूरदर्शन बंद पडलं वाटतं. रंगीत पट्ट्या आल्या का?" नापास. धडा संपला.

दुसरा धडा: गुणोत्तरं

आता दुसऱ्या ऑपरेटरची पातळी वाढवा. सत्तरच्या पुढे गेलात की पहिला हलायला लागतो. दोघांची गुणोत्तरं, म्हणजे मूळ स्वराच्या किती पट वेगाने कोण थरथरतो ते आकडे, १ आणि १ असतील, तर आवाज भरदार आणि पितळी होतो. "वरात कुणाची आहे?" नापास. दुसऱ्याचं गुणोत्तर २ करा. फक्त विषम आंदोलनं उरतात आणि बँडमधला क्लॅरिनेटवाला पुढे येतो. वरात तीच, नापास. ३.५० करा. घंटा. "आरतीला बोलवा रे सगळ्यांना." नापास, शिवाय घरात गर्दी.

इथपर्यंत आल्यावर नवशिक्याचा धीर सुटतो आणि तो जे करतो ते मी आधीच सांगून ठेवतो. तो सगळ्या पातळ्या ९९ करतो. फीडबॅक, म्हणजे ऑपरेटरने स्वतःलाच हलवणं, शेवटच्या टोकाला, सातवर नेतो. चार मजल्यांची रांग एकमेकांना हलवायला लागते आणि यंत्रातून अखंड फुसफुस बाहेर पडते. नवशिक्याला वाटतं, हाच तो, आजवर कुणी न ऐकलेला आवाज. तेवढ्यात गॅलरीतून हाक येते, "पाऊस आला, कपडे काढा!" गोंगाट हा जगातला सगळ्यांत ओळखीचा आवाज आहे. पाऊस, नळ, फोडणी, स्टेशन न लागलेला रेडिओ, यांत तो रोज ऐकू येतो. आरडाओरड म्हणजे प्रयोग, असं मानणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं, पण ते घेत नाहीत. त्यांच्या मैफिलींना मी जातो आणि दरवेळी मला फोडणीचीच आठवण होते.

तेव्हा पातळ्या खाली आणा आणि दुसऱ्या ऑपरेटरचं गुणोत्तर १.६२ करा. हा आकडा हवेतून आलेला नाही. चाउनिंग यांनी १९७७ मध्ये 'स्ट्रिया' ही रचना केली. तिची सारी बांधणी सुवर्ण गुणोत्तरावर, म्हणजे १.६१८ वर आहे. कॅरियर १०० हर्ट्झचा धरला तर मॉड्युलेटर १६२ चा. बेरीज-वजाबाकी करत गेलं की २६२, ४२४ अशी आंदोलनं वर तयार होतात आणि शून्याच्या खाली गेलेली उलटून ६२, २२४ अशी परत येतात. यातला कुठलाच आकडा दुसऱ्याच्या पटीत नीट बसत नाही. ताणलेल्या तारेत, फुंकलेल्या नळीत पटीचा हिशेब असतो आणि कान त्याच हिशेबावर जगतो. इथे त्याचा हिशेब लागत नाही.

आजी थांबून ऐकेल. मग म्हणेल, "घंटाच आहे. तडकलेली असेल." नापास, पण वरच्या वर्गात ढकलायला हरकत नाही.

तिसरा धडा (याच्यावरच सगळं आहे)

आकडे अनोळखी असूनही आजीने घंटा कशावरून ओळखली? ती आवाजाच्या पोटातली आंदोलनं मोजत बसली नव्हती. आवाज कसा सुरू झाला आणि कसा विझला, एवढंच तिने ऐकलं. एकदम दणका, मग सावकाश विरणं. ठोकलेली वस्तू अशीच वागते. हे १९४८ सालीच पॅरिसच्या रेडिओत पिएर शेफर यांच्या लक्षात आलं होतं. घंटेचा टोला रेकॉर्ड करून त्यांनी सुरुवातीचा आघात तेवढा कापून टाकला. उरलेल्या आवाजाला कुणी घंटा म्हणेना. घंटेचं धातूपण टिकलं होतं, गेली होती ती तिची ओळख.

हा प्रयोग डीएक्स ७ वर फुकटात होतो. अकरावा पियानो लावा आणि एडिटमध्ये जा. पडद्यावर सहा एके एका ओळीत दिसतील, ते सहा ऑपरेटर. दुसऱ्याचं बटण दाबलं की त्या जागी शून्य येतं. हा दुसरा ऑपरेटर मूळ स्वराच्या १४ पटीने थरथरून पट्टी दाबताक्षणीची 'टिंग' देत होता. टिंग गेली की पियानोही गेला. मागे काहीतरी मऊ, गुबगुबीत उरतं. ज्या आवाजावर ऐंशीच्या दशकाने इतकी प्रेमपत्रं लिहिली, त्याचं सगळं भांडवल त्या पहिल्या क्षणात होतं.

तेव्हा आता गुणोत्तरं सोडा आणि एन्व्हलपकडे, म्हणजे आवाजाच्या चढउताराच्या नकाशाकडे, या. प्रत्येक ऑपरेटरला चार वेग आणि चार पातळ्या असतात, ० ते ९९. वेग ९९ म्हणजे तडक, तिशीच्या खाली म्हणजे रेंगाळत. सहा ऑपरेटरांचे मिळून ४८ आकडे झाले. इथेच बहुतेक जण यंत्र विकायला काढतात.

कृती अशी. पहिल्या ऑपरेटरला, म्हणजे गाणाऱ्याला, पहिला वेग ९९ द्या. आवाज टोला मारल्यासारखा सुरू झाला पाहिजे. मग त्याला सावकाश शून्याकडे उतरू द्या. एवढी घंटा झाली. आता दुसरा ऑपरेटर उलटा लावा. सुरुवातीला तो शून्यावर, पहिला वेग पंचवीस-तीसच्या घरात, चढत चढत वर. म्हणजे स्वर जसजसा विझत जाईल, तसतसा त्याच्यातला धातू वाढत जाईल. पट्टी दाबताच एक गोल, भोळा टोला ऐकू येतो. तो मंद होता होता आतून कर्कश व्हायला लागतो आणि सगळ्यांत हळू होतो त्या क्षणी सगळ्यांत तीक्ष्ण असतो.

ठोकलेली कुठलीही वस्तू असं वागत नाही. देवळातली घंटा घ्या, झांज घ्या, पितळेचा तांब्या घ्या. आधी वरची, किरकिरी आंदोलनं मरतात आणि गाभ्याचा स्वर शेवटपर्यंत टिकतो. आपण क्रम उलटा केला. कानाला सुरुवातीला वाटतं, ओळखलं. मग ओळख हातातून निसटते आणि ती सुधारायच्या आत आवाज संपलेला असतो. आजी काही बोलणार नाही. थोड्या वेळाने ती "परत वाजव" म्हणेल. पास.

हे एकदा जमलं की बाकीच्या चार ऑपरेटरांशी खेळा, पण एका वेळी एकच आकडा बदला आणि वहीत लिहा. वही म्हणजे कागदाची. 'एडिट' बटणालाच 'कंपेअर' असंही लिहिलेलं असतं. ते पुन्हा दाबलं की बदल करण्याआधीचा आवाज ऐकू येतो. रात्री उशिरा हे विसरून ते दाबलं गेलं की तीन तासांचं काम पुसलं गेल्यासारखं वाटतं. घाबरू नका. पुन्हा दाबा.

निषिद्ध गोष्टी

एलएफओ, म्हणजे हेलकावे देणारी सावकाश लहर, 'सॅम्पल अँड होल्ड'वर ठेवून स्वराला जोडू नये. स्वर वेड्यावाकड्या उड्या मारतो, आणि जुन्या सिनेमातला कॉम्प्युटर विचार करतोय हे शेंबडं पोरही ओळखतं.

एन्व्हलपची चौथी पातळी ९९ वर विसरू नये. ती पट्टी सोडल्यानंतरची पातळी असते, शून्यावर नसली तर आवाज थांबतच नाही. डीएक्स ७ एका वेळी १६ स्वर वाजवू शकतो, म्हणजे असे सोळा अमर स्वर साठवता येतात. सगळे मिळून इतका भरदार नाद होतो की खालच्या मजल्यावरचे काका तानपुरा कुणी लावलाय विचारायला वर येतात. नापास तर झालातच, वर सोसायटीच्या पुढच्या सभेत विषय निघेल. उपाय म्हणजे मागचं बटण. यंत्र बंद.

आवाजावर भरपूर रिव्हर्ब ओतू नये. गुहेत वाजवलेला मिक्सर हा मिक्सरच असतो.

निकालाबद्दल

परीक्षेचा निकाल तेव्हाच्या तेव्हा लागेल, अशी अपेक्षा ठेवू नका. हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली. साधनं रोलंडची: ज्युपिटर ८, टीआर ८०८ आणि टीबी ३०३. यातलं टीबी ३०३ हे एकट्या गिटारवाल्याला खोटा बेस वादक पुरवायला काढलेलं होतं. बेस म्हणून ते इतकं पटेना की कंपनीने दोन-तीन वर्षांत ते बंदच केलं. सिंगांनी त्याच्यावर राग बसवले. तबकडी फारशी कुणी घेतली नाही. पुढे शिकागोच्या पोरांनी तेच टाकाऊ यंत्र पिळून ॲसिड हाउस काढलं आणि जगभर नाचले. २०१० मध्ये सिंगांची तबकडी परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चक्रावले. हे तर ॲसिड हाउस, आणि तेही शिकागोच्या आधीचं! पेपर लिहिल्यानंतर २८ वर्षांनी निकाल. सिंग २०१५ पर्यंत होते, तेव्हा तो त्यांच्या कानावर पडला. त्यांनी आपण डिस्को केला असंच म्हटलं होतं. प्रयोग वगैरे शब्द नंतरच्यांचे.

नाव आणि साठवण

आवाज साठवताना यंत्र सांगतं, मेमरी संरक्षित आहे. ते संरक्षण काढावं लागतं, आणि ते कुठून काढायचं हे पडदा सांगत नाही. मग नाव द्यायचं. नाव दहा अक्षरांत, रोमन लिपीत. कारखान्याच्या यादीतला एकोणतिसावा आवाज म्हणजे पंचाची शिट्टी. त्याचं इंग्रजी नाव दहा खणांत बसवताना अक्षरं अशी कापली की तो 'रेफ्स व्हिस्ल' झाला. एकतिसावा 'ट्रेन', बत्तिसावा 'टेक ऑफ', म्हणजे विमान. बासऱ्या-व्हायोलिनं करून झाल्यावर यामाहाच्या माणसांनाही प्रयोगाची हुक्की आली असणार, आणि त्यांनी आगगाडी केली. आमच्या परीक्षेत तिन्ही नापास. तुमचा आवाज खुशाल बत्तिसाव्यावर ठेवा.

नाव मात्र वस्तूचं ठेवू नका. 'तुतारी' लिहिलंत की पुढचा प्रत्येक जण तुतारीच ऐकेल आणि तुमचे ४८ आकडे पाण्यात. चुलतभावाचं नाव चालेल. गाडीचा नंबर चालेल.

साठवण्याआधी एक तपासणी राहिली. हे सगळे आवाज आतल्या एका छोट्या लिथियम बॅटरीवर जगतात. ती बोर्डावर डागलेली असते आणि तुमच्या हातातलं यंत्र चाळिशीचं आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बॅटरी आणि तिचा होल्डर मिळेल, डाग मारणाराही तिथेच कुणी भेटेल. बॅटरी संपलेली असेल तर यंत्र चालू करताच मेमरीत कचरा भरलेला दिसतो. नावांच्या जागी चिन्हांचा खच, आकडे कुठलेही. पण बॅटरी बदलण्याआधी हे सगळे ३२ आवाज एकदा वाजवून बघा. त्यांत एखादा असा निघतो की अख्खं घर गप्प बसतं. अशा वेळी घाई करू नका. वही घ्या, त्या आवाजाचे शंभराहून जास्त आकडे एकेक करून उतरवून ठेवा, आणि कुणी विचारलंच तर सहा महिने खपत होतो म्हणून सांगा.